शिबिराकडून सेवेकडे : तालुक्यात वर्षभर चालणारे रक्तदान कसे उभारावे

महाराष्ट्रात रक्तदान शिबिरांची वाण नाही. गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती, प्रजासत्ताक दिन, नेत्यांचे वाढदिवस अशा प्रत्येक निमित्ताने मंडप पडतो, खाटा मांडल्या जातात आणि तरुण रांगा लावून रक्त देतात. तरीही एप्रिल-मे महिन्यांत आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्यांची शीतकपाटे रिकामी होऊ लागतात, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात आणि थॅलेसेमियाग्रस्त मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी लागणारी पिशवी शोधत त्याचे आईवडील या पेढीतून त्या पेढीत फिरतात. दाते कमी आहेत म्हणून हे घडते असे आपण सहसा समजतो, पण खरी अडचण तारखांची आहे. लाल पेशी पिशवीतील द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर केवळ ५ दिवस. एकाच रविवारी जमलेल्या तीनशे पिशव्या दोन महिन्यांनी येणाऱ्या बाळंतिणीच्या उपयोगाच्या नसतात. त्यामुळे ज्यांनी एकदोन शिबिरे यशस्वी केली आहेत आणि आता आपल्या तालुक्यासाठी वर्षभराची जबाबदारी घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

राष्ट्रीय रचनेतील आपली जागा

इंग्लंडसारख्या देशात रक्त गोळा करण्यापासून ते रुग्णालयांना पुरवण्यापर्यंतचे काम एकच सरकारी संस्था करते. आपल्याकडे तशी रचना नाही. स्वयंसेवी रक्तदानाची आपली परंपरा मात्र जुनी आहे आणि मुंबईत समाजसेविका लीला मुळगावकरांनी १९५४ पासून रक्तदानाच्या मोहिमा सुरू केल्या, तेव्हा त्यामागे कोणताही कायदा नव्हता. पुढची अनेक वर्षे पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते हाच पुरवठ्याचा मोठा आधार राहिला. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि चित्र बदलू लागले. त्या निकालामुळे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राज्यांच्या परिषदा स्थापन झाल्या, परवान्याविना रक्तपेढी चालवण्यास मज्जाव झाला आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदान पूर्णपणे बंद झाले. २००२ मध्ये राष्ट्रीय रक्त धोरण आले, २०१६ मध्ये रक्तसाठ्याची माहिती देणारे ‘ई-रक्तकोष’ हे संकेतस्थळ सुरू झाले, आणि २०२० मधील नियमबदलानंतर कायद्याच्या भाषेत ‘रक्तपेढी’चे ‘रक्तकेंद्र’ झाले, जरी लोकांच्या तोंडी जुनाच शब्द आहे.

या इतिहासातून संयोजकाने एक गोष्ट लक्षात घ्यायची आहे. परिषदा धोरण ठरवतात, अन्न व औषध प्रशासन परवाना तपासते, रक्तकेंद्रे रक्त गोळा करतात. पण अमुक तालुक्यात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चाळीस दाते कोठून येतील, हे ठरवणारे पद या रचनेत कोठेही नाही. ती जागा भरून काढणे हेच या कामातले नेतृत्व आहे.

आधी गरज मोजा

पहिले शिबिर ठरवण्यापूर्वी दोन-तीन आठवडे केवळ विचारपूस करण्यात घालवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ढोबळ हिशेबानुसार लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का इतके रक्तदान दरवर्षी व्हायला हवे. म्हणजे दोन लाख वस्तीच्या तालुक्याला वर्षाला २,००० पिशव्या, आठवड्याला साधारण ४० पिशव्या. ही सुरुवातीची फूटपट्टी झाली. प्रत्यक्ष गरज त्या भागातल्या आजारांवर आणि रुग्णालयांवर अवलंबून असते. नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भाच्या अन्य भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण लक्षात घ्यावे लागतात, महामार्गावरच्या गावांत अपघात, डायलिसिस केंद्र असेल तर तेथील रक्तक्षय झालेले रुग्ण, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूमुळे वाढणारी प्लेटलेटची मागणी.

उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय आणि मोठी खासगी प्रसूतिगृहे येथे जाऊन मागील बारा महिन्यांची नोंद महिनावार आणि रक्तगटवार मागावी. केवळ ‘वर्षाला किती रक्त लागले’ हा आकडा पुरेसा नाही. किती पिशव्यांची मागणी नोंदवली गेली, किती मिळाल्या, किती वेळा रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले आणि किती वेळा नातेवाइकांना ‘आधी तुमचा डोनर आणा’ असे सांगितले गेले, हे चार प्रश्न विचारल्यावरच तालुक्याचे खरे चित्र दिसते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना अनेकांना संकोच वाटतो. तरीही तो सोडू नये, कारण बदली रक्तदानाची सक्ती हळूहळू संपवणे हे राष्ट्रीय धोरणाचेच उद्दिष्ट आहे आणि आपल्या कामाचे यश याच आकड्यात मोजता येणार आहे.

तालुक्यात रक्तकेंद्र नसेल तर ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवणूक केंद्र चालू आहे का, ते पाहावे. वर्षाला २,००० पिशव्यांपेक्षा अधिक वापर नसलेल्या अशा केंद्राला रक्तकेंद्राचा पूर्ण परवाना लागत नाही. मान्यता घेऊन ते एखाद्या परवानाधारक मुख्य रक्तकेंद्राकडून (मातृकेंद्राकडून) तपासलेले रक्त आणून ठेवते. बऱ्याचदा शीतकपाट असते, परंतु वीज गेल्यावर चालणारे जनित्र किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ नसल्यामुळे केंद्र बंद पडलेले असते. अशा ठिकाणी नव्या शिबिरापेक्षा तंत्रज्ञाच्या नेमणुकीचा पाठपुरावा केल्याने अधिक जीव वाचू शकतात.

रक्तकेंद्राची निवड

संयोजक स्वतः रक्त गोळा करू शकत नाही. ते काम परवानाधारक केंद्राच्या पथकानेच करायचे असते. म्हणून केंद्राची निवड हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो ओळखीपाळखीवर सोडू नये. परवाना चालू आहे का, लाल पेशी, प्लेटलेट असे रक्तघटक वेगळे करण्याची सोय आहे का, शिबिराच्या जागेपासून केंद्र किती तासांवर आहे, हे आधी पाहावे. प्लेटलेट मिळवायच्या असतील तर रक्त २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून साधारणपणे ६ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचून वेगळे व्हावे लागते. घाटरस्त्यावर तीन तास जाणार असतील तर सकाळी आठला सुरू झालेले शिबिर दुपारी तीनपर्यंत लांबवणे म्हणजे सुरुवातीच्या दात्यांच्या प्लेटलेट वाया घालवणे होय. अशा वेळी दर दोन तासांनी पिशव्या घेऊन जाणारे दुसरे वाहन मागावे किंवा शिबिरच आटोपशीर ठेवावे.

केंद्राशी बोलणी लेखी असावीत. एका शिबिरात जास्तीत जास्त किती पिशव्या घ्यायच्या, महिन्याभरात किती पिशव्यांचे काय झाले याचा अहवाल द्यायचा, मुदत संपून किती नष्ट झाल्या तेही सांगायचे, आणि आपल्या तालुक्यातील गरजू रुग्णाला बदली दात्यासाठी अडवायचे नाही, एवढे चार मुद्दे त्यात आले तरी पुरे. रक्ताची विक्री होत नसते. केंद्र जे घेते ते तपासणी, पिशवी आणि साठवणुकीचे प्रक्रियाशुल्क असते, आणि ते किती घ्यायचे याची मर्यादा शासनाने ठरवलेली आहे. ही मर्यादा केंद्राच्या दर्शनी भागात लावलेली आहे का, हेही पाहावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही ठिकाणी संयोजकाला पिशवीमागे ठरावीक रक्कम, किंवा दात्यांना हेल्मेट, बॅग, मिक्सर अशा वस्तू देऊ केल्या जातात. माझ्याकडेही एकदा असा प्रस्ताव आला होता आणि तो देणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नव्हते. हा प्रस्ताव स्वीकारू नये. वस्तूच्या आशेने आलेला दाता स्वतःचा आजार लपवण्याची शक्यता असते, आणि त्या लपवण्याची किंमत पिशवी ज्याला चढणार आहे तो रुग्ण मोजतो. चहा, अल्पोपाहार, प्रमाणपत्र, फार तर एखादे साधे स्मरणचिन्ह, यापलीकडे जाण्याची गरज नाही.

वर्षाचे वेळापत्रक

काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या विक्रमी शिबिरात मी कामाला होतो. एका दिवसात चारशेहून अधिक पिशव्या जमल्या, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि पुढच्या महिन्यात त्याच पथकातल्या तंत्रज्ञाने मला सांगितले की त्यातल्या बऱ्याच प्लेटलेट कोणालाच न लागता पाचव्या दिवशी टाकून द्याव्या लागल्या. ज्यांनी रक्त दिले त्यांना पुढचे तीन महिने पुन्हा बोलावता येणार नव्हते. त्याच सुमारास पावसाळा संपत आला होता आणि डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले होते. त्या दिवसापासून मी विक्रमाच्या शिबिरांना जाणे सोडले आणि वेळापत्रक बनवायला लागलो.

मंडळांना शिबिर घेऊ नका असे सांगून कोणी ऐकत नाही आणि तसे सांगणे योग्यही नाही, कारण त्यांच्या उत्साहावरच ही सेवा उभी राहते. त्यांना वेगळी विनंती करावी. मंडळाकडे तीनशे इच्छुक असतील तर उत्सवाच्या दिवशी साठ-सत्तर जणांनी रक्त द्यावे, बाकीच्यांनी त्याच मंडपात आपले नाव, रक्तगट आणि सोयीचा महिना नोंदवावा, आणि पुढील तीन शिबिरेही त्याच मंडळाच्या नावाने व्हावीत. फलकावर ‘वर्षभर रक्तदान करणारे मंडळ’ असे लिहिता येते, हे कळल्यावर कार्यकर्त्यांचा विरोध मावळतो असा माझा अनुभव आहे.

वेळापत्रक आखताना पंचांग आणि शेतीचा हंगाम दोन्ही समोर ठेवावेत. उपाशीपोटी किंवा उपवास असताना रक्त देऊ नये असा नियम आहे, त्यामुळे एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रीचे नऊ दिवस आणि रमजानमधील दिवसाची वेळ टाळावी. आषाढी एकादशीला वारकऱ्यांच्या गावात शिबिर ठेवणारा संयोजक हेतूने चांगला असला तरी दात्यांना अवघड जागी आणतो. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत खेड्यात कोणी येणार नाही. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपून तोडणी कामगार परतलेले असतात, लग्नसराई असते. म्हणूनच तुटवडा पडतो. त्या दोन महिन्यांसाठी बँका, पंचायत समिती, पोलीस ठाणे, औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि शिक्षक संघटना आधीच राखून ठेवाव्यात. या लोकांना फेब्रुवारीत बोलावू नये, नाहीतर मे महिन्यात तेही अपात्र ठरतात. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला झोप मिळालेली नसते. म्हणून कारखान्यात शिबिराची वेळ पाळ्या पाहूनच ठरवावी.

१ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वयंसेवी रक्तदान दिन आणि १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. या दिवशी शिबिर घेण्यापेक्षा वर्षभरातील नियमित दात्यांना बोलावून त्यांचे आभार मानावेत.

शिबिराचा दिवस

पन्नास ते सत्तर दात्यांचे रक्त सुमारे तीन तासांत घ्यायचे असेल तर एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका किंवा रक्त काढणारे प्रशिक्षित कर्मचारी, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस असे पथक असावे, अशी नियमांत तरतूद आहे. पथक अपुरे आले तर दाते कमी करावेत. घाई करू नये. जागा हवेशीर, स्वच्छ, पाणी व वीज असलेली हवी. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली शिबिर घेऊ नये, तेथे दात्यांना चक्कर येते आणि पिशव्यांचे तापमानही सांभाळता येत नाही.

मांडणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते प्रश्नावलीच्या टेबलाकडे. लैंगिक संबंध, पूर्वीची कावीळ, व्यसन, चालू औषधे असे प्रश्न रांगेत उभ्या असलेल्या मित्रांसमोर विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. म्हणून ते टेबल पडद्याआड, इतरांपासून पुरेसे दूर असावे आणि तेथे फक्त दाता आणि समुपदेशक असावेत. रक्त देऊन झाल्यावरही दात्याला एक दूरध्वनी क्रमांक द्यावा, म्हणजे ज्याला मित्रांच्या आग्रहामुळे नकार देता आला नाही तो नंतर फोन करून ‘माझे रक्त वापरू नका’ असे सांगू शकेल. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होते हे खरे, परंतु संसर्गानंतरचे काही दिवस तपासणीत काहीच दिसत नाही आणि त्या काळात दात्याचे खरे बोलणे हाच रुग्णाचा बचाव असतो.

रक्तदानानंतर दात्याला किमान पंधरा मिनिटे बसवून ठेवावे, पाणी व खाणे द्यावे, आणि लगेच दुचाकीवर जाऊ देऊ नये. चक्कर आलीच तर आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत आणि पथकातील डॉक्टरांना बोलवावे. या घटनेची नोंद लपवू नये; देशात २०१५ पासून दात्यांना होणाऱ्या त्रासांच्या नोंदींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम चालतो आणि केंद्रामार्फत ती माहिती तेथे जाते.

परत पाठवलेला दाता

नियोजनासाठी असे धरावे की नोंदणी करणाऱ्या पाचांपैकी एकाला रक्त न देता परत जावे लागेल. वय १८ ते ६५, पहिल्यांदा देणाऱ्यासाठी ६० पर्यंत, ३५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी वजन किमान ४५ किलो, तर ४५० मिलिलिटरसाठी ५५ किलोहून अधिक, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर, पुरुषांसाठी दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवस, गोंदण किंवा कान टोचल्यानंतर १२ महिने, मलेरियातून बरे झाल्यावर ३ महिने. हे निकष शिबिराच्या आठवडाभर आधी मोठ्या अक्षरांत लावले तर अर्धी निराशा टळते. अंतिम निर्णय मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याचाच असतो आणि संयोजकाने त्यात शब्द टाकू नये, दाता गावचा सरपंच असला तरीही.

ज्याला परत पाठवले जाते त्याच्याशी कसे वागले जाते यावर त्याचे पुढचे दहा वर्षांचे रक्तदान अवलंबून असते. विशेषतः मुली आणि स्त्रिया. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका पसरलेला आहे की महाविद्यालयीन शिबिरात आलेल्या अनेक मुली हिमोग्लोबिनच्या टेबलावरूनच परत जातात. निळ्या मोरचूदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब तरंगला की तंत्रज्ञ मान हलवतो आणि पुढच्याला बोलावतो. त्या मुलीला तेव्हा केवळ ‘होणार नाही’ एवढेच ऐकू येते. खरे तर तिला स्वतःच्या आरोग्याबद्दल मोलाची माहिती मिळालेली असते. शिबिरात एक टेबल केवळ अशा दात्यांसाठी ठेवावे, तेथे शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बसवावे, लोहाच्या गोळ्यांसाठी त्या मुलीला आरोग्य केंद्रात जोडून द्यावे आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणीसाठी बोलवावे. जी सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढवून परत येते, ती या सेवेची सर्वांत निष्ठावान दाती होते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

नियमित दात्याला सुद्धा लोहाची काळजी सांगावी. एका रक्तदानात शरीरातील सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, आणि ते भरून यायला आहारानुसार काही महिने लागतात. नियम ९० दिवसांनी परवानगी देतो म्हणून प्रत्येकाने ९१व्या दिवशी यावे, असा आग्रह धरू नये.

वही, फोन आणि विरळ रक्तगट

वर्षाला २,००० पिशव्या हव्या असतील आणि प्रत्येक दाता वर्षातून दोनदा देणार असेल, तर एक हजार नियमित दाते पुरतात. आजारपण, स्थलांतर आणि अपात्रता धरून दीड हजार नावे हाताशी असावीत. ही नावे संगणकावर किंवा वहीत, कशीही असोत, त्यात शेवटच्या रक्तदानाची तारीख आणि पुढची पात्र तारीख असलीच पाहिजे. नाव, क्रमांक आणि तपासणीचे निष्कर्ष ही माहिती दात्याची आहे. ती व्हॉट्सॲप गटात टाकू नये. तपासणीत काही दोष आढळला तर ते दात्याला कळवण्याचे काम केंद्राच्या समुपदेशकाचे आहे, आणि संयोजकाला ते कळण्याचेही कारण नाही.

निगेटिव्ह रक्तगटाचे लोक आपल्याकडे साधारण शंभरात पाच-सहा असतात. त्यांना सर्वसाधारण शिबिरात रक्त द्यायला लावू नये, केंद्राकडून मागणी आल्यावरच बोलवावे. ‘बॉम्बे’ रक्तगट तर त्याहून विरळ आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधलेला हा गट नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ सारखा दिसतो, परंतु अशा व्यक्तीला ‘ओ’ रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचे चालते. भारतात असा माणूस सुमारे दहा हजारांत एक सापडतो. असा दाता सापडला तर त्याची नोंद केंद्रामार्फत राज्य पातळीवर जाईल याची खात्री करावी.

डेंग्यूच्या दिवसांसाठी यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट देणाऱ्या दात्यांची वेगळी यादी ठेवावी. ही प्रक्रिया अधिक वेळ घेते, ती जिल्ह्याच्या ठिकाणीच होते, परंतु असा दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळांपर्यंत. म्हणून अशा दहा-पंधरा लोकांची यादी शंभर नावांच्या यादीइतकी कामाची ठरते.

पुढची फळी

हे काम एका माणसाच्या फोनवर चालत असेल तर तो आजारी पडताच थांबते. पहिल्या वर्षातच तीन-चार जणांची समिती करावी : एक राष्ट्रीय सेवा योजनेचा प्राध्यापक, एक रुग्णालयातील कर्मचारी, एक उत्सव मंडळांशी बोलू शकणारा, आणि शक्य असल्यास ज्याच्या घरी नियमित रक्त लागते असा एखादा पालक. दात्यांची वही दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती द्यावी, म्हणजे ती प्रत्येकाला वाचता येते.

दरवर्षी डिसेंबरात या समितीने रक्तकेंद्राच्या तंत्रज्ञासह बसावे. वर्षात किती पिशव्या जमल्या हा प्रश्न त्या बैठकीत शेवटी विचारावा. आधी ५२ आठवड्यांचा तक्ता पसरावा, ज्या आठवड्यांत केंद्राच्या कपाटात तालुक्याच्या गरजेपेक्षा कमी पिशव्या होत्या ते आठवडे लाल शाईने खुणावेत, आणि पुढच्या वर्षीची पहिली शिबिरे त्याच आठवड्यांत लिहावीत.